गोळीला रंग कळत नाही

‘अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवर सिगारेट सोडवणारी औषधं कमी चालतात असं वाचलं. हा जनुकांचा खेळ आहे का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. प्रश्नाचा अर्धा भाग खरा आहे. वारंवार प्रयत्न करूनही तिथल्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा यश कमी येतं. जनुकांचं म्हणाल, तर तिथे गाडी उलटी फिरते.

सिगारेट सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिनला अमेरिकेत २००६ साली परवानगी मिळाली. ही गोळी मेंदूत निकोटीनची जागा अडवते आणि तलफही थोडी भागवते. पण ज्या चाचण्यांवर परवानगी मिळाली, त्यांत शिरायला रोज किमान दहा सिगारेटी ओढणं आवश्यक होतं. कृष्णवर्णीयांत याहून कमी ओढणारे पुष्कळ. ते दारातच अडले. कमी ओढतात म्हणजे व्यसन हलकं, या समजाला तर १९९८ सालीच तडा गेला होता. संशोधक नील बेनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की कृष्णवर्णीय एका सिगारेटमधून गोऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त निकोटीन शरीरात घेतात. चिपाड होईस्तोवर ऊस पिळावा, तसा एकेक झुरका!

या अडलेल्यांना आत घेतलं कॅन्ससच्या संशोधकांनी, आणि त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही याची मला खंत वाटते. जसजित अहलुवालिया यांनी २००२ साली ६०० कृष्णवर्णीयांवरची ब्युप्रोपियॉन या सिगारेट सोडवणाऱ्या दुसऱ्या औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. लिसा सँडरसन कॉक्स आणि निकोल नोलेन यांनी २०२२ साली ५०० जणांवरची व्हॅरेनिक्लिनची. या दुसऱ्या चाचणीत मात्र रोज एक-दोन सिगारेटी ओढणाऱ्यांनाही जागा होती. नुसत्या शब्दावर विश्वास नव्हता. निकोटीनपासून शरीरात बनणारं कोटिनिन लाळेत तपासलं. सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी १५.७ टक्के सुटलेले होते, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६.५ टक्के. दुपटीहून जास्त! औषध चालतं, अगदी व्यवस्थित चालतं.

आता जनुकं. निकोटीनचा निचरा मुख्यतः यकृतातलं सीवायपी२ए६ हे विकर करतं. ते मंद असेल तर निकोटीन रक्तात जास्त वेळ टिकतं, आणि अशा माणसाला सिगारेट सोडणं साधारणपणे सोपं जातं. हे मंद विकर कृष्णवर्णीयांत गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतं. म्हणजे जनुकांच्या हिशेबाने त्यांचीच सरशी व्हायला हवी होती. शिवाय हा वेग माणसागणिक बदलतो. तो रक्त तपासून कळतो, कातडी पाहून नाही.

मग अडतं कुठे? मोठा वाटा मेंथॉल या स्वादाचा. धुराची जळजळ ते झाकून टाकतं, झुरका खोल जातो. अमेरिकेतले सुमारे ८५ टक्के कृष्णवर्णीय धूम्रपानी मेंथॉलच ओढतात, आणि ही आवड आपोआप जडलेली नाही: कंपन्यांच्या गाड्या त्यांच्या वस्त्यांत फुकट सिगारेटी वाटत फिरत. २००९ च्या कायद्याने सिगारेटमधले बाकीचे स्वाद बंद केले, मेंथॉल वगळलं. २०२२ साली मेंथॉलवर बंदीचा प्रस्ताव आला. जानेवारी २०२५ मध्ये तोही मागे घेतला गेला. त्यात डॉक्टरकडून व्हॅरेनिक्लिनची चिठ्ठी मिळण्याचं प्रमाणही कृष्णवर्णीयांत कमीच आहे.