मूकपटांतला कार्ल डेन

नामांकित नटांचीं चरित्रें सर्वांस ठाऊक असतात. परंतु ज्यांच्या वांट्यास दुय्यम भूमिकाच आल्या, त्यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. अशांपैकीं एकाची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कार्ल डेन याचा जन्म १८८६ सालीं डेन्मार्कमध्यें, कोपनहेगन येथें झाला. धंद्यानें तो यंत्रकारागीर. १९१६ सालीं तो अमेरिकेस गेला, आणि १९१८ मध्यें 'माय फोर इयर्स इन जर्मनी' या चित्रपटांत त्यास जर्मन चॅन्सेलरची भूमिका मिळाली. पुढें तो नाद सोडून त्यानें कोंबड्या पाळण्याचा व्यवसायही करून पाहिला.

त्याचा भाग्योदय झाला १९२५ सालीं, किंग व्हिडॉरच्या 'द बिग परेड' या युद्धपटांत. नायक जॉन गिल्बर्ट. डेनकडे आला स्लिम नांवाचा तंबाखू चघळणारा, गगनचुंबी इमारतीवर खिळे ठोकणारा मजूर. रणांगणांत मृत्यूच्या तोंडीं कोणीं जावें हें तिघे मित्र थुंकण्याच्या पैजेनें ठरवितात. स्लिम पैज जिंकतो, जातो आणि प्राणांस मुकतो. प्रसंग ओंगळ खरा. पण हास्य आणि करुण हे दोन रस इतके जवळ आणणारा दुसरा प्रसंग आम्हांस चटकन् आठवत नाहीं.

मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें मग या धिप्पाड पुरुषाची बुटक्या जॉर्ज के. आर्थरशीं जोडी जमविली. १९२७ चा त्यांचा 'रूकीज' लोकांनीं डोक्यावर घेतला. त्याच वर्षीं 'द जॅझ सिंगर' आला आणि पडदा बोलूं लागला. मूकपटांत संवाद अक्षरांनीं लिहून येई. तेथें सर्वांचाच उच्चार निर्दोष! डेनची इंग्रजी मात्र जाड डॅनिश वळणाची. आम्हीं सारा जन्म मुलांचे 'श' आणि 'ष' वेगळे करण्यांत घालविला. पाणिनीय शिक्षेंत पाठकाचे दोष गणिले आहेत. परंतु त्यांबद्दल उपासमारीची शिक्षा कोठेंही सांगितलेली नाहीं.

१९३० च्या 'द बिग हाउस'मध्यें किरकोळ काम, १९३३ मध्यें 'द व्हिस्परिंग शॅडो' ही मालिका, आणि संपलें. पुन्हा यंत्रकाम करून पाहिलें. वेस्टवूड भागांत अल्पोपाहाराच्या दुकानांत पैसे घातले, तेही बुडाले. एप्रिल १९३४ मध्यें खिसेकापूनें त्याचे उरलेसुरले अठरा डॉलर लांबविले. दुसऱ्या दिवशीं, १४ तारखेस, त्यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय ४७. जवळ जुने करारनामे आणि छायाचित्रें होतीं.

प्रेत ताब्यांत घेण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां जीन हर्शोल्ट या नटानें कंपनीस गळ घातली आणि दफनाचा खर्च कंपनीनें सोसला. हर्शोल्टही कोपनहेगनचाच. १९३७ पासून तो रेडिओवर डॉक्टर ख्रिश्चनची भूमिका करूं लागला, ती थेट १९५४ पर्यंत. त्याच्याही इंग्रजीस तेंच डॅनिश वळण होतें, आणि श्रोत्यांस तें गोड लागे.