शाहीर साबळे : गावच्या गाण्याचा नागर प्रवास

प्रस्तावना

ग्रामीण कलावंताच्या जीवनाचा विचार करताना कागलच्या वाचकाला गुणा कागलकर आठवल्यावाचून राहत नाही. कागलचे सुपुत्र डॉ. आनंद यादव (१९३५-२०१६) यांच्या 'नटरंग' या कादंबरीचा हा नायक शेतमजूर आहे. कलेच्या ओढीने तो तमाशाचा फड उभा करतो आणि त्या ओढीची जबर किंमत मोजतो. २०१० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटामुळे ही व्यक्तिरेखा महाराष्ट्रभर परिचित झाली. गुणा काल्पनिक असला, तरी त्याच्या जीवनातून उभा राहणारा प्रश्न वास्तव आहे : गावात जन्मलेल्या कलेला गावाबाहेर मानाने उभे राहता येते काय? शाहीर कृष्णराव गणपतराव साबळे (१९२३-२०१५) यांच्या कारकिर्दीने या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले. ते उत्तर कोणत्या परिस्थितीत शक्य झाले आणि त्यासाठी लोककलेला काय सोडावे लागले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जडणघडण

साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या पसरणी या गावी झाला. घरात वारकरी भजनाचे वातावरण होते. त्या काळच्या खेड्यात गाणे ही स्वतंत्रपणे ऐकण्याची वस्तू नव्हती. प्रत्येक गीतप्रकाराला त्याचा प्रसंग होता. जात्यावर ओवी, एकादशीला भजन, लग्नानंतर गोंधळ, जत्रेत तमाशा. गाणारा आणि ऐकणारा एकाच गावकीचे घटक असल्याने गाण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसे. साबळे यांच्या गायकीचा पाया या अनुभवात आहे.

बालपणीचा काही काळ त्यांनी खानदेशात अमळनेर येथे काढला. अमळनेर ही साने गुरुजींची कर्मभूमी. गुरुजींच्या संस्कारातून गाण्याला सामाजिक प्रयोजन असते, ही जाणीव त्यांच्यात रुजली. १९४२ च्या आंदोलनापासून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत त्यांचा डफ लोकजागृतीच्या कामी आला. कोल्हापूर परिसरात शाहीर लहरी हैदर आणि शाहीर पिराजीराव सरनाईक यांनी पोवाड्याची परंपरा जोपासली होती. मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने शाहिरीला कामगार चळवळीशी जोडले होते. साबळे यांची शाहिरी या व्यापक प्रवाहाचाच एक भाग होती.

शाहिरी आवाजाचे शास्त्र

'पहाडी आवाज' हे विशेषण साबळे यांच्या संदर्भात नेहमी वापरले जाते. या आवाजामागे कलाप्रकाराची गरज आहे. पोवाडा मूलतः उघड्या मैदानात, ध्वनिक्षेपकाशिवाय गायला जाई. डफ, तुणतुणे आणि झांज यांच्या गजरातून शब्द शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोहोचवायचा, तर स्वर उंच लावावा लागतो, आलापीला फाटा द्यावा लागतो आणि प्रत्येक व्यंजन ठसठशीत उच्चारावे लागते. शाहीर श्वास घेतो त्या वेळी झीलकरी सूर धरून ठेवतात. त्यामुळे कथनाचा ओघ तुटत नाही. साबळे यांनी या गायकीला भारुडातील अभिनयाची जोड दिली. संत एकनाथांचे 'विंचू चावला' हे भारूड त्यांच्या सादरीकरणातून घराघरांत पोहोचले, ते स्वर आणि अभिनय यांच्या या मिलाफामुळे.

मुक्तनाट्याची निर्मिती

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास अश्लीलतेच्या कारणावरून मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले. त्यातून पारंपरिक फडांची उपजीविका संकटात आली. दुसरीकडे, तमाशाचा सांगाडा घेऊन नवा आशय मांडणाऱ्या लोकनाट्याला वाव मिळाला. साबळे यांनी 'यमराज्यात एक रात्र' या प्रयोगाद्वारे १९६० साली या क्षेत्रात पाऊल टाकले. त्यांच्या या प्रकाराला 'मुक्तनाट्य' हे नाव रूढ झाले. गण आणि बतावणी यांची मोकळीक त्यात राहिली, हजरजबाबी संवाद राहिले. परंतु कथानक समकालीन झाले. 'आंधळं दळतंय' या मुक्तनाट्याने मुंबईतील मराठी माणसाच्या उपेक्षेचा प्रश्न मांडला. शिवसेनेच्या स्थापनेच्या, म्हणजे १९६६ च्या, सुमारास त्याचा मोठा बोलबाला झाला.

या यशाचे रहस्य प्रेक्षकवर्गात शोधावे लागते. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतून आलेला गिरणी कामगार मुंबईत राहत होता. पण त्याचा कान गावाचाच होता. त्याच्याजवळ तिकिटापुरते रोख वेतन होते आणि गावच्या गाण्याची भूक होती. अमेरिकेतील ग्रामीण संगीताचा इतिहासही याच्याशी जुळणारा आहे. १९२७ साली टेनेसी राज्यातील ब्रिस्टल येथे कार्टर कुटुंबाची डोंगरी गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांच्या द्वारे ती गाव सोडून शहरात आलेल्या श्रमिकांपर्यंतही गेली. गावचे गाणे 'ग्रामीण संगीत' म्हणून ओळखले जाते, ते बहुधा गाव सोडल्यानंतरच. गुणा कागलकर आणि साबळे यांच्यातील भेद केवळ प्रतिभेचा नाही. साबळे यांच्या पाठीशी चळवळ, महानगरातील जाणता श्रोता आणि प्रसारमाध्यमे होती. गुणाजवळ यांतील काहीच नव्हते.

महाराष्ट्र गीत आणि लोकधारा

राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांचे संगीत लाभलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत साबळे यांच्या आवाजात अजरामर झाले. कवी आणि संगीतकार दोघेही भावगीताच्या क्षेत्रातील. मात्र राज्याच्या स्थापनेच्या काळातील सामूहिक भावना व्यक्त करण्यासाठी निवड झाली ती शाहिराच्या आवाजाची. २०२३ साली शासनाने याच गीताला राज्यगीताचा दर्जा दिला.

साबळे यांचे दुसरे मोठे कार्य म्हणजे 'महाराष्ट्राची लोकधारा'. वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळीनृत्य, बाल्यानृत्य, मंगळागौर, लावणी असे विविध प्रकार त्यांनी एका कार्यक्रमात गुंफले. दूरदर्शनमुळे हा कार्यक्रम सर्वदूर पोहोचला. केदार शिंदे, भरत जाधव, अंकुश चौधरी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले कलावंत याच संचात घडले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ साली पद्मश्री, अशा सन्मानांनी त्यांच्या कार्याची दखल घेतली गेली. २० मार्च २०१५ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

लोकधारेचे मूल्यमापन करताना एक बाब नजरेआड करता येत नाही. वासुदेव पहाटे दारी येतो, दान पावतो आणि निघून जातो. रंगमंचावरील वासुदेव काही मिनिटांत आपले गाणे संपवून पुढच्या प्रकाराला जागा देतो. गोंधळ हा कुलाचार आहे. कार्यक्रमात तो एक दृश्य होतो. येथे कला टिकते, परंतु तिचा प्रसंग गळून पडतो. गिरणी कामगारांचा पहिला प्रेक्षकवर्ग हा गळलेला प्रसंग स्वतःच्या स्मृतीतून भरून काढत असे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाची वाताहत झाली आणि असा जाणता श्रोता विरळ होत गेला. पुढील पिढ्यांना लोकधारा हीच लोककलेची पहिली ओळख ठरली.

निष्कर्ष

साबळे यांनी गावच्या गाण्याला नागर व्यासपीठावर प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. त्यांना स्वतःला प्रसंगही ठाऊक होता आणि रंगमंचही. म्हणूनच त्यांच्या संक्षेपात सत्त्व उरले. आज महाविद्यालयीन युवा महोत्सवांतून सादर होणारी लोकनृत्ये आणि लोकगीते बहुतांशी लोकधारेच्या साच्यात बसवलेली असतात. परंतु सादर करणाऱ्या विद्यार्थ्याला मूळ प्रसंग अनेकदा ठाऊक नसतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. तो अध्यापनाच्या कक्षेत येणारा प्रश्न आहे. कागल परिसरातील विद्यार्थ्याला पट्टणकोडोलीच्या यात्रेतील धनगरी ओवी आणि गजनृत्य दूरचे नाही; कित्येकांच्या घरी जात्यावरच्या ओव्या स्मरणात असलेली आजीही असेल. स्पर्धेची संहिता बसवण्यापूर्वी त्याला तेथे पाठवणे, गाणे कोण, केव्हा आणि कशासाठी गाते याची नोंद करून घेणे, हे मराठी, समाजशास्त्र आणि इतिहास या विभागांना सहज शक्य आहे. साबळे यांना जे गावाने न मागता दिले, ते आता महाविद्यालयाला जाणीवपूर्वक द्यावे लागणार आहे. ते दिले गेले नाही, तर लोककलेचा वेश तेवढा मागे उरेल.