दर तीन महिन्यांनी नवं टेबल

"अवो, पोट्टी शिकून राह्यली का नोकरी करून राह्यली?"

माझ्या धाकट्या बहिणीला हा प्रश्न वर्षभरात मुकुटबनच्या निम्म्या बायकांनी तरी विचारला असेल. पाणी भरताना, बचत गटाच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत. बहीण आपली "दोन्ही" म्हणायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायची. कारण खरं सांगायचं तर तिलाही नीट कळलेलं नव्हतं. मी वणीला राहते. एस.टी.नं तासाभराचा रस्ता. म्हणून एक दिवस गेले, भाचीला समोर बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. मैत्रिणींनो, तुमच्याही घरात बारावी झालेली मुलगी असेल, तर हे तुमच्या कामाला येईल.

मुकुटबन तुम्हाला ठाऊक नसेल. यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाला, झरी जामणी तालुक्यातलं हे गाव. पलीकडे तेलंगण, आजूबाजूला कापूस आणि तूर. २०२२ पासून इथं बिर्ला कॉर्पोरेशनच्या गटाचा मोठा सिमेंट कारखाना सुरू आहे, वर्षाला ३९ लाख टनांचा. कारखाना आला की गावाला काय दिसतं? फाटक, ट्रक आणि हेल्मेट. मुलगा असेल तर "लागेल कुठं तरी" म्हणायचं आणि मुलगी असेल तर त्या बाजूला बघायचंच नाही. पण कुठल्याही कारखान्याच्या आत टेबलंही असतात. कोणी माल घेतं, कोणी मोजतं, कोणी बिलं तपासतं. भाचीला तेच शिकायचं होतं. तिला जागा मिळाली ती गावात नाही, नागपूरकडच्या एका मोठ्या कंपनीत. तिचं नाव इथं नको.

तिची पदवी तीन वर्षांची, व्यवसाय व्यवस्थापनाची. त्यातली तीन सत्रं, म्हणजे दीड वर्ष, कॉलेजात नाही तर कंपनीत. दर तीन महिन्यांनी खातं बदलतं: स्टोअर, खरेदी, लेखा, कर्मचारी विभाग, विक्री आणि शेवटी डिस्पॅच. कंपनीतले साहेब शेरा देतात, त्याचे गुण पदवीत धरले जातात. याला म्हणतात शिकाऊ उमेदवारी. हा शब्द आयटीआयमुळे आपल्या कानावरचा आहे. कायदाच १९६१ चा. पण तेव्हा उमेदवारी म्हणजे फिटर, टर्नर, वेल्डर. २०१४ च्या दुरुस्तीनं बिगर-तांत्रिक पदवीधरांनाही दार उघडलं आणि २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारी गुंफायला परवानगी दिली.

खातं बदलत शिकवायची कल्पना काही नवी नाही. टाटांनी १९५६ मध्ये आपल्या प्रशासकीय सेवेसाठी निवडक तरुणांना असंच वेगवेगळ्या कंपन्यांतून फिरवायला सुरुवात केली. जर्मनीत श्टुटगार्टला १९७४ मध्ये अशी अकादमी निघाली, की काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात. आणि त्याच १९७४ मध्ये आपल्याकडे टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये, असं छापलं होतं! सुधा मूर्तींनी त्यावर जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि पुढे त्या पुण्याच्या कारखान्यात रुजू झाल्या, ही हकिगत तुम्ही ऐकलीच असेल. भाचीला मी ती सांगितली तर म्हणते, "मावशी, मला पोस्टकार्ड कुठं मिळतं तेही माहीत नाही."

आता तिच्या स्टोअरबद्दल, कारण मला सर्वांत मजा तिथं वाटली. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपल्याला संगणकापुढे बसवतील. बसवलं रॅकपुढे. प्रत्येक खणाला एक कार्ड लटकलेलं, किती आलं, किती गेलं, किती उरलं. ते मोजायचं आणि वहीशी ताडायचं. एका जातीचे बेअरिंग वहीत कमी, रॅकवर जास्त. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की एकच वस्तू दोन नावांनी चढली होती! आपण नाही का, डब्यावर "मूगडाळ" आणि "मुगाची" लिहून दोनदा डाळ आणतो, तसंच.

मग खरेदी खात्यात ती मागणीचा कागद करायला शिकली आणि लेखा खात्यात तिला तीन कागदांची गोष्ट कळली. आपण काय मागवलं तो एक कागद, प्रत्यक्ष काय आलं त्याची स्टोअरची पावती हा दुसरा, आणि दुकानदाराचं बिल तिसरा. तिन्ही जुळले तरच पैसे द्यायचे. स्टोअरमधले काका एका पावतीसाठी इतके हटून का बसायचे, हे तिला लेखा खात्यात बसल्यावर उमगलं. एकाच टेबलावर तीन वर्षं काढली असती तर ते काका तिला शेवटपर्यंत खडूसच वाटले असते.

सगळंच असं गोड नाही हं. चौथ्या खात्यात तिला तीन आठवडे नुसत्या झेरॉक्स काढायला लावल्या. पाहुणे आले की "जरा चहाचं बघ." सोबतच्या मुलाला मात्र हजेरीचं काम. ती रात्री फोनवर रडली. मेहुणे म्हणाले, "ये परत." बहिणीनं मात्र विचारलं, "तुला रोजची वही लिहायची असते ना? मग चहा केला तर चहा लिही." पोरीनं खरंच लिहिलं! सकाळी झेरॉक्स, दुपारी चहा, संध्याकाळी झेरॉक्स. आठवड्याच्या सहीला ती वही साहेबांपुढे गेली. ते काही बोलले नाहीत. सोमवारपासून तिला हजेरीपत्रक मिळालं. पगारपत्रकाला मात्र शेवटपर्यंत हात लावू दिला नाही, तो राग तिला अजून आहे.

याच सुमारास पांढरकवड्याहून स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा सरकारी नोकरीत. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, मुलगी शिकते की कमावते? आणि वर, उन्हाळ्यात लग्न उरकू, पदवी नंतर बघता येईल. मेहुण्यांचं मन झालं होतं. बहीण कधी नवऱ्यासमोर तोंड वर करून बोललेली मी पाहिली नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "माझी बारावी नंतर बघता येईल म्हणूनच राहिली." तिनं पाहुण्यांकडे परीक्षेपर्यंतचा वेळ मागितला. ते थांबले नाहीत. महिनाभर घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

तुमच्या मुलीला पाठवायचं असेल तर पैशाचंही ऐका. मिळतो तो पगार नव्हे, विद्यावेतन. २०१९ च्या नियमांत पदवीच्या उमेदवारासाठी महिना किमान ९,००० रुपये ठरले. खोली, खानावळ आणि बस वजा जाता भाचीच्या हाती जेमतेम दोन हजार उरतात. म्हणजे घरी पैसे येतील असं गृहीत धरू नका. घरून द्यावे लागत नाहीत, एवढंच. कायद्याच्या नजरेत ती कामगार नाही, शिकणारी आहे. त्यामुळे शेवटी कंपनीनं नोकरी द्यायलाच हवी, असं बंधन नाही. काम करताना इजा झाली तर मात्र भरपाईचा हक्क आहे. आणि सर्वांत आधी विचारायचं ते हे, की उमेदवारीचा करार सरकारदरबारी नोंदला आहे का? मुलगी अठराच्या आतली असेल तर त्यावर पालकाची सही लागते, तेव्हा वाचून करा. करारच नसेल, तर "ट्रेनिंग" या गोड नावाखाली स्वस्तात राबवून घेणंही होऊ शकतं.

भाची आता डिस्पॅचला आहे. ट्रक किती भरला, कागद पुरे आहेत का, हे पाहून गाडी सोडायची. शेवटची परीक्षा उन्हाळ्यात. नोकरीबद्दल कंपनी अजून काही बोललेली नाही. मेहुणे रोज विचारतात, ती रोज "माहीत नाही" म्हणते.

परवा मी मुकुटबनला होते तेव्हा बचत गटाला तूरडाळीची पोती आली. दुकानदारानं बिल पुढं केलं. बहिणीनं पदर खोचला, पोती मोजली आणि म्हणाली, "थांबा भाऊ. आमी मांगितलं किती होतं, तो कागद पयले काढू द्या."