कातळावरच्या गाळण्या

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाच्या ओहोटीत पाणी खूप मागे सरतं आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कातळ उघडे पडतात. बायका कालवं काढायला निघतात त्या याच वेळी.

भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं. पाण्याबाहेर किती वेळ तग धरता येतो, त्यावर कातळावरच्या प्रत्येक जिवाची जागा ठरते. वरच्या, बहुतेक वेळ कोरड्या भागात बारीक गोगलगायी फटींत दडून बसतात. मधल्या पट्ट्यात बार्नेकल आणि कालवं असतात. अगदी खाली, जिथून पाणी क्वचितच हटतं, तिथं सारगॅसमसारखी समुद्री शेवाळं आणि शिनाणे.

कालव जागा सोडू शकत नाही. ओहोटीत कवच घट्ट मिटून ते आतला ओलावा जपतं. भरती आली की कवच किंचित उघडतं, तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतं आणि त्यातल्या सूक्ष्म वनस्पती खातं. पण त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असेल, तर जंतूही त्याच्या अंगात साठतात.

म्हणून गटाराच्या तोंडाजवळची कालवं काढू नयेत आणि कुठलीही कालवं नीट शिजवूनच खावीत. शिजवल्यानं जंतू मरतात. जड धातू आणि काही सूक्ष्म शैवालांची विषं मात्र उकळूनही जात नाहीत. समुद्राचं पाणी अचानक लाल-तपकिरी दिसू लागलं, तर त्या दिवसांत कालवं-शिनाणे टाळलेले बरे. आणि गटाराचं पाणी प्रक्रिया न करता खाडीत सोडलं, तर कालवांतून ते आपल्याच ताटात परत येतं.