पुठ्ठ्याच्या टेबलाला सागवानी पाय

९ ऑगस्ट २०१८ रोजी आपल्या हैदराबादेत, हायटेक सिटीत, आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. तेव्हापासून आपल्या मराठी घरांतही एक नवा पाहुणा दिसू लागला. सपाट खोक्यात बसून येणारं, अर्ध्या तासात घरच्या घरी जोडता येणारं, चार पाय आणि एक फळी एवढंच असलेलं चौकोनी टेबल. त्याचं नाव लॅक. कोंडापूर, मियापूर, निजामपेठ कुठेही जा, नव्या जोडप्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्यासमोर ते असतंच. त्यावर रिमोट, चहाचे कप आणि न उघडलेली कुरिअरची पाकिटं.

स्वस्त आहे, हलकं आहे, म्हणून आपण ते घेतो. आणि सगळ्यांच्या घरी तेच असल्यामुळे ते कोणाचंच वाटत नाही. या टेबलात थोडे बदल करून ते आपल्या घरचं कसं करता येईल, ते मी सांगणार आहे. मी सुतार नाही, दिवसभर कोड लिहितो. म्हणजे मला जमलं ते तुम्हालाही जमेल.

खोक्यातलं फर्निचर आलं कुठून?

सुटे भाग करून फर्निचर पाठवण्याची कल्पना जुनी आहे. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ मध्ये वाफेवर वाकवलेल्या लाकडाची '१४ नंबर'ची खुर्ची काढली. ती सुटी करून एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या मावत. आयकियामध्ये ही गोष्ट आली १९५६ च्या सुमारास. गिलिस लुंडग्रेन नावाच्या डिझायनरला एक टेबल गाडीत बसवायचं होतं, ते बसेना, तेव्हा त्याने त्याचे पाय काढले. पाय काढून वाहतूक करायची आणि जोडणी गिऱ्हाइकाने घरी करायची, हीच पुढे त्या कंपनीची रीत झाली.

लॅकची खरी गंमत त्याच्या पोटात आहे. टेबलाच्या फळीवर बोटाने टकटक करून बघा. कोपऱ्यात भरीव आवाज येतो, मधे पोकळ. वर आणि खाली पातळ पत्रे, कडेने लाकडी भुशाच्या बोर्डाची चौकट, आणि आत मधमाशांच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी. आपल्याकडच्या काही स्वस्त फ्लश दरवाजांतही असंच असतं. वजन पेलतात ते बाहेरचे दोन पत्रे, कागदाचं काम त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवायचं. बांबू पोकळ असून मजबूत का असतो, तेच इथे.

हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढचे सगळे निर्णय यावर अवलंबून आहेत. स्क्रू धरेल तो फक्त कोपऱ्यात आणि कडेच्या चौकटीत. मधोमध मारलेला स्क्रू कागदात जातो आणि हाताने ओढला तरी बाहेर येतो. वजन पसरून ठेवलं तर चालतं, एका बिंदूवर ठेवलं तर पत्रा दबतो. पाय कोपऱ्यातल्या एकेका बोल्टवर फिरवून बसवलेले असतात, त्यामुळे टेबल उचलून हलवायचं, फरफटत ओढायचं नाही.

टेबल कोणासाठी?

आमच्या व्यवसायात कुठलंही काम सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारतात: वापरणारा कोण? माझ्या टेबलाचं उत्तर होतं, बाबा.

आमचं काचीगुड्यातलं आजोबांनी बांधलेलं घर गेल्या वर्षी बिल्डरला दिलं. आई-बाबा आमच्याकडे फ्लॅटवर राहायला आले. आई आठ दिवसांत रुळली. शेजारच्या तेलुगू काकूंशी तिची लोणच्यांची देवाणघेवाणही सुरू झाली. बाबा मात्र दिवाणखान्यात एखाद्या ऑफिसात भेटायला आलेल्या माणसासारखे बसायचे. पेपर वाचून झाला की घडी करून मांडीवर. चष्मा खिशात. पाण्याचं भांडं पायाशी. "बाबा, टेबलावर ठेवा ना," म्हटलं की म्हणायचे, "राहू दे, तुमचं सामान आहे तिथे."

म्हणून मी दोन दिवस नुसतं पाहिलं. ते खुर्चीत बसले की हात कुठपर्यंत सहज जातो, काय काय लागतं, काय खाली पडतं. यादी अशी निघाली: पेपर, चष्मा, तांब्या-भांडं, गोळ्यांची डबी, ट्रान्झिस्टर. लॅकची उंची ४५ सेंमी. तेवढं वाकलं की त्यांच्या कमरेत कळ यायची. न वाकता हात टेकत होता ५३ सेंमीवर. गोळी गडगडून खाली जाऊ नये म्हणून कडेला उंचवटा हवा होता. सजावट हा शब्द यादीत कुठेच नव्हता.

सामान कुठून आणलं

घर पाडण्याआधी आम्ही दोन गोष्टी काढून ठेवल्या होत्या. एक म्हणजे मधल्या खोलीच्या दाराचं सागवान, चौकट आणि फळ्या. दुसरी, त्याच खोलीतल्या नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या. जुन्या हैदराबादेतल्या घरांत या अजून दिसतात. एकेका फरशीवर पाव नक्षी असते, चार जोडल्या की पूर्ण फूल होतं. फरश्या २० बाय २० सेंमी, जाडी २ सेंमी. वजनकाट्यावर एक भरली १.८ किलो.

आता हिशेब. टेबल ५५ बाय ५५ सेंमी. मधे चार फरश्यांचा ४० बाय ४० चा चौकोन, भोवती साडेसात सेंमीची सागवानी पट्टी. चार फरश्या सव्वासात किलो, १२ मिलिमीटरचं प्लायवूड अडीच किलो, सागवान आणि बाकी किडुकमिडुक मिळून तीन किलो. एकूण साडेबारा-तेरा किलोंचं वजन वर जाणार. टेबलाबरोबर येणाऱ्या कागदावर ते किती वजन पेलतं हे दिलेलं असतं. आधी तो आकडा पाहा, आणि तांब्या-पेपरसाठी जागा ठेवूनच पुढे जा.

काम, पायरीपायरीने

पहिल्या शनिवारी पाय. मूळ पाय ४० सेंमीचे, वर ५ सेंमीची फळी. मला ४५ सेंमीचे पाय हवे होते, म्हणजे फळी, प्लाय आणि फरशी धरून ५३ होतात. चौकटीचं सागवान आणि नमुन्याला मूळ पाय घेऊन ओळखीच्या सुतारकाकांकडे गेलो. बोल्टच्या मापाचं भोक सरळ पडायला हवं, ते काम घरच्या ड्रिलने करू नये. टेबलाची फळी त्यांनी हातात घेतली, वाजवली आणि म्हणाले, "ये तो गत्ता है साब! इसके नीचे सागवान?" मी म्हटलं, हो. ते हसले, पण पाय सुरेख करून दिले.

दुसऱ्या दिवशी रंग. टेबलाच्या पृष्ठभागावर गुळगुळीत थर असतो, त्यावर रंग थेट लावला तर नखाने निघतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चमक जाईपर्यंत घासायचं. जोर लावायचा नाही, थर पातळ असतो. ओल्या फडक्याने धूळ पुसून, वाळवून, लॅमिनेटवर चिकटणारा प्रायमर. तो पूर्ण सुकला की २२० नंबरचा हलका हात, मग इनॅमलचे दोन पातळ थर. जाड एक थर देण्यापेक्षा पातळ दोन केव्हाही चांगले. मी फक्त कडा रंगवल्या, वरची बाजू झाकली जाणार होती.

मग प्लायवूड. वरचा थर घासून खडबडीत केला, चिकट लावलं आणि चारही कोपऱ्यांत, बोल्ट टाळून, २५ मिलिमीटरचे स्क्रू मारले. रात्रभर पुस्तकांचे गठ्ठे ठेवून दाबलं. प्लायमुळे वजन सगळ्या फळीवर सारखं पसरतं.

फरश्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. मागचा जुना चुना-सिमेंट छिन्नीने हलके हलके काढायचा. हे काम बाल्कनीत, मास्क आणि चष्मा लावून करायचं. अ‍ॅसिडने धुवायचं नाही, सिमेंटची नक्षी कायमची फिकी पडते. या फरश्या पाणी पितात, म्हणून ग्राउट भरण्याआधीच सीलर लावायचा, नाहीतर ग्राउटचा रंग नक्षीत उतरतो. टाइल अ‍ॅडेसिव्हवर बसवल्यावर २४ तास हात लावायचा नाही.

फरश्या मांडताना बाबा पहिल्यांदा जवळ येऊन उभे राहिले. मी नक्षी जुळवत होतो. एका फरशीचा कोपरा उडालेला होता, तो मी पट्टीच्या बाजूला वळवत होतो. म्हणाले, "तिथे वरवंटा पडला होता. तुझी आत्या पाच वर्षांची होती." मग थोडं थांबून, "आणि ही अशी नाही, फिरव. उंबऱ्याकडे ही होती." चारही फरश्यांच्या जागा त्यांनी सांगितल्या. मी सत्तर फोटो काढून ठेवले होते, त्यात हे कुठेच नव्हतं.

शेवटी सागवानी पट्ट्या आणि कडेचं बीडिंग. बीडिंग ६ मिलिमीटर वर ठेवलं, गोळ्यांसाठी. लाकूड आणि फरशी यांच्यामध्ये ३ मिलिमीटरची फट सोडून त्यात सिलिकॉन भरला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फरशी फुगत नाही. फट नसेल तर दोघांपैकी एक हरतो. पायांखाली फेल्टच्या गोल चकत्या चिकटवल्या की झालं.

तीन शनिवार-रविवार लागले. टेबल, सुतारकाकांची मजुरी आणि सामान धरून खर्च साडेतीन हजारांच्या आत.

मग नवीनच का नाही बनवलं?

हा प्रश्न बाबांनीच विचारला. "पाय सागवानी, वर घरची फरशी. मग त्या पुठ्ठ्याचं काय काम?"

प्रश्न रास्त आहे. पहिलं उत्तर तांत्रिक: अगदी सपाट, काटकोनातली, हलकी फळी नवशिक्याला घरी बनवता येत नाही, ती तयार मिळाली. पण खरं उत्तर वेगळं आहे. काचीगुड्याच्या घरात सागवानी कपाट होतं, पलंग होता, आजोबांचं मेज होतं. त्यांना खिळा मारायची कोणाची टाप नव्हती. लहानपणी मी मेजावर कंपासने एक रेघ ओढली, तर ती रेघ पुढे वीस वर्षं पाहुण्यांना दाखवली गेली. त्या फर्निचरची आम्ही काळजी घ्यायला शिकलो, त्याला हात लावायला शिकलो नाही. घर सोडताना ते फ्लॅटच्या लिफ्टमध्येही मावेना, आणि विकून टाकावं लागलं.

हजार-बाराशेच्या टेबलाची भीती वाटत नाही. बिघडलं तर बिघडलं. माझ्या सात वर्षांच्या लेकीने त्यावर पॉलिश पेपर चालवला, प्रायमरचा ब्रश फिरवला, कोणी ओरडलं नाही. त्या निर्भयपणातून हात सरावला आणि मग त्याच हातांनी दाराचं सागवान आणि आजोबांच्या फरश्या हाताळायचं धाडस झालं. थेट सागवानापासून सुरुवात करायची असती तर ते दार आजही बाल्कनीत उभंच असतं.

तुम्ही करणार असाल तर

जुन्या घरातल्या फरश्या नसल्या तरी अडत नाही. आजीच्या नऊवारीचा काठ काचेखाली ठेवता येतो. फक्त काच कडा घासलेली, टफन्ड घ्या. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नाही, टेबलाला येतो. घरात रांगतं मूल असेल तर फरशी आणि काच दोन्ही टाळा, कोपरे गोल करून जाड कापडाची गादी बसवा. आणि सिमेंटची फरशी वापरलीत तर लिंबू, व्हिनेगर, हळद सांडल्यावर लगेच पुसा, साबणाच्या पाण्यापलीकडे काही वापरू नका.

पण सगळ्यात आधी वापरणारं माणूस ठरवा. कोण बसणार, किती उंचीवर हात टेकतो, काय हाताशी लागतं. इंटरनेटवरचे सुंदर फोटो त्यानंतर पाहा.

आमच्याकडे परवा मित्र आले होते. त्यातल्या एकाने लॅपटॉप ठेवायला टेबल ओढायला घेतलं. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "उचलून घ्या. आणि काम झालं की माझं टेबल परत इथेच ठेवा."