कोटणीसांच्या गावाहून चीनला
(परदेशाचा उंबरा : लेखांक ७)

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून 'राजपुताना' बोटीने पाच डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला निघाले. अलाहाबादचे अटल पथकाचे प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय वर्षे २७. पुढचं सगळं भैया चौकातल्या स्मारकामुळे गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यातला एक तपशील मात्र सहसा कुणी सांगत नाही. बसूंचं नाव आधी यादीत नव्हतंच. तिथे रणेन सेन या डॉक्टरांचं नाव होतं. ते पडले कम्युनिस्ट, आणि इंग्रज सरकारने त्यांना पासपोर्टच दिला नाही. काँग्रेसने निवडलं, चीनने बोलावलं, तरी घरचंच दार उघडलं नाही. म्हणून बसू गेले.

गेल्या आठवड्यातला युरोपच्या शेंगेन व्हिसावरचा लेख वाचून काही वाचकांनी विचारलं की पासपोर्ट आणि व्हिसा यांत नेमका फरक काय. सेन यांच्या गोष्टीत निम्मं उत्तर आहे. पासपोर्ट देतं आपलं सरकार, व्हिसा देतं दुसऱ्याचं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण या दोन सरकारांवर आपला हक्क किती चालतो, ते माहीत नसतं.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं पासपोर्ट देणं न देणं ही दिल्लीची मर्जी होती, कारण पासपोर्ट कुणाला नाकारायचा हे ठरवणारा कायदाच नव्हता. १९६७ साली सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, तो अशा मर्जीवर सोडता येणार नाही. त्याच वर्षी सरकारने घाईने पासपोर्ट कायदा आणला. पुढे १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला, आणि १९७८ च्या निकालाने ही चौकट आणखी पक्की केली. आज पासपोर्ट नाकारायचा तर अधिकाऱ्याला कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि त्यावर अपीलही करता येतं.

व्हिसाचं असं नाही. चीनचा प्रवेश-निर्गमन कायदा २०१३ पासून लागू आहे. व्हिसा नाकारताना कारण देण्याची गरज नाही, असं त्यात सरळ लिहून ठेवलंय. भांडायला खिडकीच नाही. म्हणून व्हिसाच्या कागदांची काळजी पासपोर्टच्या कागदांपेक्षा जास्त घ्यावी, असं माझं मत आहे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पासपोर्टसाठी पोलीस चौकीपर्यंत हेलपाटे घालणारी माणसं व्हिसाचा फॉर्म ट्रॅव्हल्सवाल्याच्या पोराकडे सोपवून मोकळी होतात.

आता चीनच का? कारण दोन्ही देशांमधली ये-जा पाच वर्षं आखडली होती आणि आता मोकळी होतेय. २०२० मध्ये करोना आला, पाठोपाठ जूनमध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक घडली. भारताने चिनी पर्यटकांचा व्हिसा थांबवला, तो थेट २४ जुलै २०२५ रोजी पुन्हा सुरू केला. त्याच वर्षी कैलास-मानसरोवर यात्रा सुरू झाली, ऑक्टोबरअखेर कोलकाता ते ग्वांगझू थेट विमानही उडालं. सोलापूरच्या यंत्रमागवाल्यांना, टॉवेल-चादरींच्या व्यापाऱ्यांना या बातम्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

चिनी व्हिसा अक्षरांनी ओळखतात. फिरायला जाणाऱ्याला एल, व्यापाराला एम, शिकायला एक्स, नोकरीला झेड, पत्रकाराला जे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी आणि व्हिसाची कोरी पानं हवीत. एल व्हिसासाठी जाण्यायेण्याचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग, किंवा तिथल्या माणसाचं निमंत्रणपत्र. एमसाठी तिथल्या कंपनीचं किंवा प्रदर्शनाचं निमंत्रण. अक्षर चुकीचं निवडणं ही पहिली चूक. 'एल स्वस्तात आणि लवकर होतो' असा सल्ला देणारे भेटतात. पण मशीन बघायला कारखान्यात जाणार असाल आणि फॉर्मवर फिरायला जातो असं लिहिलं असेल, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या पहिल्याच प्रश्नाला घाम फुटतो. माझ्यासारख्या लिहिणाऱ्याला तर धंद्याच्या रकान्यात 'पत्रकार' लिहिताना पेन क्षणभर थांबतंच. तरी खरं तेच लिहावं.

व्हिसा हातात पडला की तो वाचायचा असतो, हे कुणी शिकवत नाही. चिनी स्टिकरवर तीन गोष्टी वेगवेगळ्या छापलेल्या असतात : कोणत्या तारखेपर्यंत आत शिरायचं, किती वेळा शिरता येईल, आणि दर वेळी किती दिवस राहता येईल. समजा शिरण्याची शेवटची तारीख २० मार्च आहे आणि मुक्काम ३० दिवसांचा. तुम्ही १८ मार्चला उतरलात तर २० तारखेला परतायची गरज नाही. उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ३० दिवस मोजायचे. उलट तुम्ही २१ मार्चच्या पहाटे पोहोचलात तर व्हिसा मेला. आणि ती पहाट बीजिंगच्या घड्याळाची, ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मुंबईहून रात्रीचं विमान घेणाऱ्याने एवढं गणित तिकीट काढण्याआधीच करावं. मुक्काम लांबला तर दिवसाला ५०० युआन दंड आहे, जास्तीत जास्त १०,००० युआन, आणि कोठडीचीही तरतूद आहे.

'किती वेळा' या रकान्यात आपले व्यापारी अडकतात, ते हाँगकाँगमुळे. कोटणीसांचं पथकही हाँगकाँगवरूनच १७ सप्टेंबर १९३८ रोजी ग्वांगझूला, तेव्हाच्या कँटनला पोचलं होतं. तेव्हा हाँगकाँग इंग्रजांचं होतं. १९९७ पासून ते चीनचं आहे, पण प्रवेशाचे नियम आजही वेगळे. चीनचा व्हिसा हाँगकाँगला चालत नाही. भारतीयांना हाँगकाँगसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती फुकट असते आणि तिच्यावर एका वेळी १४ दिवस राहता येतं. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ग्वांगझूच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला आलेला माणूस दोन दिवस हाँगकाँगला जाऊन येतो म्हणाला, तर तो चीनमधून बाहेर पडला असं धरतात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो संपला. परतीचं विमान ग्वांगझूहून असलं तरी आता आत जाता येत नाही. ज्यांना असं ये-जा करायचं आहे त्यांनी अर्जातच दोन प्रवेश मागावेत. तिकीट एकच, देश एकच, नकाशावर रेघही दिसत नाही, पण शिक्के दोन.

तिबेटचं प्रकरण याच्या उलट आहे. तिथे जायला चीनचा व्हिसा लागतोच, शिवाय तिबेटचा वेगळा परवाना लागतो आणि तो स्वतः जाऊन मिळत नाही, अधिकृत सहल कंपनीच काढते. भारत सरकारमार्फत मानसरोवरला जाणाऱ्यांचं सगळं तुकडीनिशी होतं, त्यांना ही यातायात पडत नाही. हौशी सायकलवाल्यांनी आणि मोटारसायकलवाल्यांनी मात्र ल्हासाची स्वप्नं या अटीसकट पाहावीत.

एका गोष्टीवर मला जरा जास्त थांबायचंय. चीनमध्ये डॉक्टरकी शिकायला जाणारी मुलं आपल्या भागात आहेत. त्यांच्या पालकांची समजूत असते की व्हिसा मिळाला म्हणजे सगळं झालं. सहा महिन्यांपेक्षा जास्त शिकायचं तर एक्स-१ व्हिसा मिळतो, आणि त्यावर मुक्कामाच्या रकान्यात चक्क तीन शून्यं असतात. ती बघून घरी धसका बसतो. चूक छपाईची नसते. हा व्हिसा फक्त आत शिरण्यापुरता असतो. उतरल्यापासून ३० दिवसांत तिथल्या पोलिसांच्या कार्यालयातून निवास परवाना काढायचा, आणि पुढची वर्षं त्या परवान्यावर राहायचं. सुट्टीत घरी येताना मुलाने व्हिसा नाही, परवान्याची तारीख बघायची. २०२० च्या सुरुवातीला सुट्टीवर आलेली हजारो भारतीय मुलं इकडेच अडकली. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनने त्यांना व्हिसा देणं पुन्हा सुरू केलं, तोवर कित्येकांची अडीच वर्षं मोबाईलच्या पडद्यावर शरीरशास्त्र शिकण्यात गेली. परकी मर्जी म्हणजे काय, हे त्या घरांना विचारावं.

चीनमध्ये पोचल्यावरची एक अट आपल्या माणसांना विचित्र वाटते. प्रत्येक परदेशी माणूस कुठे उतरला आहे, याची पोलिसांत नोंद हवी. हॉटेलात उतरलात तर ते काम हॉटेल करतं. मित्राकडे किंवा मुलाच्या भाड्याच्या खोलीत राहिलात तर २४ तासांत पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करायची. १६ वर्षांवरच्या परदेशी माणसाने पासपोर्ट जवळ बाळगायचा. रेल्वेचं तिकीटही पासपोर्टच्या क्रमांकावर निघतं, त्यामुळे तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून गावभर हिंडण्याची सोय नाही.

आणि नावं. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषांतली नावं आहेत आणि प्रत्येकाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. लग्नानंतर आडनावच काय, पहिलं नावही बदललेल्या बायकांच्या कागदांत तर दोन माणसं दिसतात. व्हिसाचा फॉर्म, तिकीट, निमंत्रणपत्र, हॉटेल, सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहायचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असेल तर त्यासह. पासपोर्टवरच चूक असेल तर ती आधी दुरुस्त करावी. सोलापूरच्या टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करता येतो, मंजुरी पुण्याच्या कार्यालयाची. तिकीट काढून झाल्यावर हे काम सुरू करू नये, एवढंच.

पहिली खरी तपासणी चीनमध्ये होत नाही, मुंबई विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरवर होते. कागद अपुरे असलेला प्रवासी पलीकडे नेला तर परत आणण्याची जबाबदारी कंपनीची, म्हणून काउंटरवरची मुलगी व्हिसाच्या तारखा तुमच्यापेक्षा बारकाईने वाचते. तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

कोटणीसांची समाधी बघायला जायचं आहे, कुठला व्हिसा लागेल, असं एका निवृत्त शिक्षकांनी पत्रात विचारलंय. गुरुजी, साधा एल पुरतो. ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस गेले तेव्हा ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख होते. आज त्यांची समाधी शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा स्मारकात आहे, त्याच आवारात, ज्यांच्या नावाचं ते रुग्णालय, त्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही. बीजिंगहून वेगवान रेल्वेने साधारण सव्वा-दीड तासाचं अंतर. फॉर्मवर जाण्याच्या ठिकाणांत बीजिंगसोबत शिजियाझुआंगही लिहा आणि तिथल्या एका रात्रीचं हॉटेल जोडा. चिनी अधिकाऱ्याने उद्देश विचारला तर कोटणीसांचं चिनी नाव सांगा : के दिहुआ. तिकडे ते नाव भैया चौकाइतकंच ओळखीचं आहे.

पुढच्या लेखांकात आखाती देश. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं, त्याने दुबईला नोकरीसाठी जाताना कुठली परवानगी घ्यायची आणि एजंट ती का टाळायला सांगतात, ते पाहू.