सहा किलोचा पाइप आणि काळाचा हिशेब

वाळव्यापासून मिरजेपर्यंत आणि कऱ्हाडपासून कोरेगावपर्यंत उसाच्या मळ्यांखाली पी.व्ही.सी.चा पाइप जितका खोल पुरला गेला आहे, तितकाच खोल एक समज बागायतदारांच्या मनात रुजलेला आढळतो. तो असा की, ‘सहा किलोचा’ म्हणून घेतलेल्या पाइपाचे बळ सातबारावरील क्षेत्राप्रमाणे कायमचे मुक्रर झालेले असते. वास्तविक हा आकडा २७ अंश तापमानाशी आणि दीर्घ मुदतीशी बांधलेला करार होय. ज्या जातीचे पी.व्ही.सी. २० अंशांना तासभर ४२ मेगापास्कल ताण सोसते, तेच ५० वर्षे अखंड भार वाहावयाचा म्हटल्यास २५ मेगापास्कलांच्या आसपास येऊन ठेपते. म्हणजे गवंड्याने अर्धा तास दाब देऊन दिलेली ग्वाही अर्ध्या तासापुरतीच खरी.

१९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत ज्या लोखंडाचे नांगर ओतले गेले, त्याच्या बळात भाराच्या वेगाने नेहमीच्या हवामानात फारसा फरक पडत नाही. प्लास्टिकच्या लांबलचक, एकमेकांत गुरफटलेल्या रेणुसाखळ्यांना मात्र सरकण्यास अवधी लागतो. प्रयोगशाळेत तीच पट्टी मिनिटाला ५ ऐवजी ५०० मिलिमीटर वेगाने ओढली, तर ती अधिक ताठ व अधिक बळकट ठरते, परंतु बहुधा कमी लांबून तुटते. बळकटपणा वाढतो आणि चिवटपणा घटतो, हे तारतम्य आपल्याकडे कोणी फारसे पाळत नाही.

म्हणूनच ‘झटका बसला की प्लास्टिक दुबळे पडते’ हा दुसरा समजही अर्धाच खरा. वीज जाते, पंप थांबतो, चढावरचे पाणी उलटते आणि झडप आपटून बंद होते. त्या धक्क्याचे गणित जुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली मांडले. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडले, तर पोलादी नळात दर चौरस सेंटिमीटरला १० किलोंहून अधिक दाब उसळतो, पी.व्ही.सी.त मात्र सुमारे ३ किलोंच्या घरात, कारण पाइपाची भिंत किंचित फुगून धक्का पोटात घेते. शिवाय त्या क्षणापुरते तिचे बळही अधिकच असते. खरा घात होतो तो खडकाने पडलेल्या ओरखड्यावर टिकावाचा घाव बसला म्हणजे, किंवा दिवसाकाठी अनेकदा येणारे तेच धक्के वर्षानुवर्षे एका चिरेवर साठले म्हणजे.

राहता राहिली थंडी. वेण्णा तलावाकाठी दव गोठणाऱ्या पहाटे साध्या पॉलिप्रोपिलिनची बादली हातून निसटली तर तडकण्याचा संभव मोठा; सांगलीच्या वैशाखात तीच बादली तितक्याच उंचीवरून पडून केवळ चेपते. थंडी काय आणि वेग काय, दोन्ही रेणूंचा अवधीच हिरावून घेतात, आणि याच साम्याच्या आधारे संशोधक क्षणार्धाच्या आघाताचा अंदाज थंड केलेल्या नमुन्याच्या सावकाश चाचणीवरून बांधतात.